मधले दोन तारे

क्लेम चित्रं काढायचा, मी अक्षरं.
साऊथ शील्ड्सला, मागच्या खोलीत,
खिडकीच्या काचेवर सीगलनी केलेली घाण
आणि आत आम्ही दोघं,
बत्तीस वर्षं एका माणसाच्या तोंडात घाण भरत.

डेझ थ्वेट. टीव्हीवरचा निवेदक.
कवळी पांढरीशुभ्र, कोट मोहरीच्या रंगाचा.
पहिल्या चौकटीत तो बिशपना विचारायचा,
प्रार्थनेनं माणसाला काय मिळतं?
दुसऱ्या चौकटीत माईकची वायर पायात.
तिसरीत मी.
म्हणजे माझा फुगा.

शिवीला जागा जास्त लागते, लोकांना हे ठाऊक नसतं.
नमस्कार कोपऱ्यातसुद्धा मावतो.
शिवीला चारी बाजूंनी हवा हवी, जाड निब हवं,
आणि फुग्याची शेपटी नेमकी दातांच्या फटीत टेकायला हवी,
नाहीतर ती बिशपांची वाटते.
एकदा वाटली.
त्यांचं काही नाही, त्यांच्या बायकोचं पत्र आलं.

माझी आई मेथडिस्ट.
बोटात सुई घुसली तरी 'साखर!' म्हणून ओरडायची,
तोंडात कायमची साखर पडलेली बाई.
तिला सांगितलं होतं, मी शुभेच्छापत्रं लिहिते.
गेली तेव्हा गादीखाली अकरा अंक निघाले.
एका फुग्यात माझं चुकलेलं स्पेलिंग
तिनं पेन्सिलीनं दुरुस्त केलं होतं.

नाताळचा अंक मोठ्या दुकानांत जायचा.
तेवढ्यापुरता हुकूम यायचा:
पहिलं अक्षर ठेवा, शेवटचं ठेवा,
मधल्या दोघांवर तारे.
नाताळ आहे, क्लेम म्हणायचा,
तारे हवेतच.

मार्चमध्ये टोस्टला लोणी लावता लावता
त्याचा उजवा हात टेबलावर पडला
आणि तिथंच राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
तेव्हापासून सगळ्या भाषेवर तारे.
कप, तारे. खुर्ची, तारे.
माझं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तारे.
उघडा राहिला तो एकच, चार अक्षरांचा,
जो आम्ही दर डिसेंबरात झाकायचो.

ओलुची मंगळवारी येते, चित्रांची कार्डं घेऊन.
कुत्रा. तो म्हणतो तोच शब्द.
चावी. तोच.
राजमुकुट. तोच, जरा मोठ्यानं.
ती हसू गिळून वहीत काहीतरी लिहिते.
म्हणाली, शिव्या डोक्यातल्या वेगळ्या कपाटात असतात,
तिथली किल्ली सहसा हरवत नाही.
गाणी तिथंच. कुणाकुणाच्या प्रार्थनासुद्धा.
तुमच्या घरी प्रार्थना होत असे?
म्हटलं, नाही. डेझ होता.

मला आता ऐकताना निब दिसतं.
पातळ आणि तिरका, म्हणजे चहा.
ठळक, खाली दोन रेघा, म्हणजे लघवी, आत्ताच.
बातम्या लागल्या की वेडावाकडा, कडेला टोकं असलेल्या फुग्यात.
आणि रात्री एक असतो, अगदी बारीक,
त्याला हवा लागत नाही, कोपऱ्यात मावतो.
तेव्हा त्यानं माझं मनगट धरलेलं असतं.
त्या फुग्याला शेपटी नसते.
आमच्या दोघांत कोण बोललं, सांगता येत नाही.

संपादकांचा फोन आला, एक शेवटचं पान द्या.
पट्टीनं चौकटी मी आखल्या.
डेझ क्लेमनं डाव्या हातानं काढला.
कांद्याला दात फुटल्यासारखा दिसतो,
कोट मात्र बरोबर आलाय.
मी दौत उघडून बसले.
काय म्हणतोय रे हा?
क्लेमनं खूप वेळ घेतला. कपाळावर घाम.
मग सांगितलं.

चारही अक्षरं काढली, नेहमीपेक्षा मोठी.
संपादक चाचरत म्हणाले, पण डिसेंबर आहे ना, तारे?
म्हटलं, आमच्याकडचे संपलेत.